उल्हास खाडीच्या माशांचा हिशेब : एक ऐतिहासिक टिपण

आपल्या ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्मरणिकेत दरवर्षी थोर पुरुषांची चरित्रे, कुळांच्या हकिगती, विद्यार्थ्यांच्या यशाच्या वार्ता व दात्यांची नामावली प्रसिद्ध होत असते. ते सर्व उचितच आहे. यंदा मात्र आम्ही संपादक मंडळाच्या अनुमतीने एका निराळ्याच विषयाकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. तो विषय म्हणजे उल्हास नदीच्या खाडीतील मासे. त्यांची संख्या, त्यांच्या जाती, आणि कारखान्यांचे सांडपाणी जेथे नदीत मिसळते तेथे त्यांच्यावर कोणी व कशी नजर ठेवली, याचा हा अल्पसा इतिहास आहे. माशांना कसला इतिहास, असे कोणी म्हणेल. परंतु ज्या समाजाने शतकानुशतके एका हाताने भात लावले, दुसऱ्या हाताने मीठ पिकविले आणि सांजेच्या कालवणासाठी खाडीवर विसंबून राहिला, त्या आपल्या आगरी समाजाचा इतिहास माशांना वगळून लिहिताच येणार नाही, असे आमचे नम्र मत आहे.

पालेगाव आणि खाडी

पालेगाव हे अंबरनाथच्या पूर्वेस डोंगराच्या अंगाला वसलेले गाव. येथून खाडी दिसत नाही, भरतीचे पाणीही येथवर येत नाही. मग पालेगावकरांनी खाडीची चिंता का वाहावी ? याची कारणे दोन आहेत. पहिले कारण नात्यागोत्याचे. आपल्या लेकी खाडीकाठच्या गावांत नांदतात, तिकडच्या लेकी आपल्या घरी सुना म्हणून येतात. दुसरे कारण पाण्याचे. आपल्या परिसरातील ओढ्यानाल्यांचे पाणी अखेरीस उल्हासच्या खोऱ्यातच रिते होते. काकोळे परिसरातील डोंगरांत उगम पावणारी वालधुनी अंबरनाथच्या शिवमंदिराला वळसा घालून उल्हासनगरमार्गे कल्याणजवळ उल्हासला मिळते. काळू नदी भातसाचे पाणी पोटात घेऊन तिला येऊन मिळते. बारवी वरच्या अंगाला मिळते. मग हे सारे पाणी दुर्गाडीच्या पायथ्यावरून पुढे ठाण्याच्या उत्तरेकडे जाते, त्याचा एक लहानसा फाटा ठाण्याच्या खाडीकडे वळतो आणि मुख्य प्रवाह घोडबंदरवरून वसईच्या खाडीने समुद्राला मिळतो. म्हणजे वर जे पाण्यात पडते ते खाली लेकीच्या दारात पोहोचते.

उलट दिशेनेही नाते आहे, आणि ते मासे जोडतात. आमच्या लहानपणी मृगाच्या पहिल्या जोरदार सरीनंतर ओढ्यांना लाल पाणी येई आणि त्या पाण्याच्या विरुद्ध दिशेने मासे चढू लागत. यालाच आपण वलगण म्हणतो. रात्री कंदील, पाती आणि आसू घेऊन सारा गाव शेताच्या बांधांवर लोटे. शिंगटी, मरळ, वाम, बांधाच्या बिळांतले मुठे, असे जे मिळे ते घरी येई आणि शेजारीपाजारी वाटले जाई. हे बहुतेक मासे गोड्या पाण्यातलेच होत. पण नदीत असेही काही जीव आहेत की ज्यांचा अर्धा संसार गोड्या पाण्यात व अर्धा खारट पाण्यात चालतो. गोड्या पाण्यातील मोठी कोळंबी अंडी सोडण्यासाठी खाली खाडीच्या मचूळ पाण्यात उतरते व तिची पिले पुन्हा वर चढतात. नदीतला अहीर तर अंडी घालण्यासाठी थेट खोल समुद्रात जातो. खाडीचा मार्ग विषाने किंवा बांधाने अडला, तर वरच्या डोहातली ही मासळी कोणी न मारताही संपते.

जुना काळ

कल्याण हे बंदर सुमारे दोन हजार वर्षांचे जुने आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात त्याचा उल्लेख आढळतो आणि कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत कल्याणच्या दात्यांची नावे कोरलेली आहेत. अंबरनाथच्या देवालयाचा शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा आहे. शिलाहारांच्या या काळातही वालधुनीचे पाणी देवाच्या पायाशी वाहत होते. पुढे १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतल्यावर याच खाडीत मराठी आरमाराची पहिली जहाजे बांधली गेली. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि खाडीचे मुखही मराठ्यांच्या हाती आले. या सर्व घडामोडींच्या बखरी आहेत, कागद आहेत. परंतु त्याच पाण्यात डोल लावणाऱ्याने, पाग टाकणाऱ्याने कोणत्या महिन्यात काय काढले, त्याचा कागद कोणीही केला नाही.

इंग्रजी अमदानीत प्रथमच या गोष्टी लिहिल्या जाऊ लागल्या. फ्रान्सिस डे या शल्यवैद्याचा भारतातील माशांवरील मोठा ग्रंथ १८७५ ते १८७८ या काळात प्रसिद्ध झाला. १८८२ साली निघालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्येही येथील मासे व मासेमारी यांची माहिती आहे. तथापि ती माहिती 'काय मिळते' एवढीच सांगते. 'किती मिळते' आणि 'पूर्वीपेक्षा कमी की अधिक' हे त्या काळी कोणी विचारले नाही, कारण खाडी आटेल असे कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

याचा अर्थ आपल्या वाडवडिलांना हिशेब ठाऊक नव्हता असा मात्र नाही. त्यांचा हिशेब तोंडी होता. अक्षरशत्रू म्हातारासुद्धा तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगत असे. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता समुद्रकिनारी पूर्ण भरती, आणि खाडीत जसजसे आत जावे तसतशी ती वेळ पुढे. अमावास्या-पौर्णिमेचे उधाण, अष्टमीच्या सुमाराचा भांग, कोणत्या पाण्याला बोई येते, पावसाळ्याच्या तोंडाशी अंड्यांनी भरलेली चिवणी कोठे सापडते, जिताडा कोणत्या खाजणात शिरतो, चिंबोरी कधी भरलेली व कधी पोकळ, हे सारे त्यांना पाठ होते. हे ज्ञान अचूक होते. त्यात उणीव एकच होती. ते माणसाबरोबर जन्मत होते आणि माणसाबरोबरच सरणावर जात होते.

कारखान्यांचे आगमन

रेल्वे १८५३ साली ठाण्यास व १८५४ साली कल्याणास आली. पाणी, रेल्वे व मुंबईचे सान्निध्य या तीन गोष्टींमुळे आपला मुलूख कारखान्यांच्या नजरेत भरला. १९२२ साली भिवपुरीचे वीजगृह सुरू झाले आणि घाटमाथ्यावरचे पाणी बोगद्यांतून खाली येऊन उल्हासला मिळू लागले. नदी उन्हाळ्यातही वाहती राहिली ती बऱ्याच अंशी याच पाण्यावर. त्याच दशकात अंबरनाथला रासायनिक व आगपेट्यांचे कारखाने उभे राहिले. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करी छावण्या पडल्या. फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधी निर्वासित बंधू येऊन राहिले व ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वसाहतीचे उल्हासनगर असे नामकरण झाले. नदीवरूनच हे नाव दिले गेले, हे लक्षात घ्यावे. शहाड व आंबिवलीच्या बाजूस रेयॉनचे मोठे कारखाने आले. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि अंबरनाथ, बदलापूर, डोंबिवली येथे औद्योगिक वसाहती वाढल्या. १९७२ च्या सुमारास बारवी धरण झाले. पुढे आनंदनगरच्या बाजूस अतिरिक्त अंबरनाथ औद्योगिक क्षेत्र उभे राहिले व पालेगावच्या परिसराचे रूपच पालटले.

या कारखान्यांनी आपल्या मुलांना रोजगार दिला, हे आम्ही कृतज्ञतापूर्वक नमूद करतो. घरोघरी पंखा, पक्की भिंत आणि मुलांचे शिक्षण आले ते पुष्कळ अंशी त्या पगारातूनच. ज्याचे मीठ खाल्ले त्यास शिव्या देण्याचा आमचा हेतू नाही. परंतु सांडपाणी वाहून कोठे गेले, हा प्रश्न ज्याने पगार घेतला त्यानेही विचारावयास हवा होता. तो आपण विचारला नाही.

पाऱ्याची गोष्ट

येथे वाचकांस थोडे दूर, जपानात, घेऊन जाणे आवश्यक आहे. क्यूशू बेटावर मिनामाता नावाचे कोळ्यांचे गाव आहे. तेथील एका रासायनिक कारखान्याचे पारामिश्रित सांडपाणी १९३२ पासून १९६८ पर्यंत उपसागरात जात होते. प्रथम मासे पाण्यावर तरंगू लागले. नंतर मासे खाणारी मांजरे वेड्यासारखी नाचून मरू लागली. त्यानंतर माणसांचे हातपाय लुळे पडू लागले, दृष्टी व वाचा जाऊ लागली. १ मे १९५६ रोजी या रोगाची अधिकृत नोंद झाली. १९५९ साली कुमामोतो विद्यापीठाच्या संशोधकांनी सेंद्रिय पारा हे कारण दाखवून दिले, पण सरकारने ते मान्य करण्यास १९६८ साल उजाडले. आधी मासे, मग मांजरे, मग माणसे हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. माशांचा हिशेब तेव्हा कोणी ठेवला असता व मानला असता, तर अनेक घरे वाचली असती.

मिठाच्या पाण्यातून वीज सोडून कॉस्टिक सोडा व क्लोरीन काढण्याच्या जुन्या पद्धतीत पारा वापरला जाई. असे कारखाने आपल्या खाडीच्या परिसरातही होते. गोव्यात मुख्यालय असलेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ साली स्थापन झाली. तिच्या संशोधकांनी, त्यांत डॉ. झिंगडे हे नाव प्रमुख, ठाणे खाडी व मुंबई बंदरातील पाऱ्याविषयीचा निबंध १९८१ साली प्रसिद्ध केला. पुढे याच संस्थेच्या संशोधकांनी उल्हास खाडीच्या तळातील गाळ नळ्यांनी उपसून थराथराने तपासला व त्याचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. गाळात निसर्गतः असतो त्याहून पुष्कळ अधिक पारा आढळला. मात्र कित्येक ठिकाणी वरच्या, म्हणजे अलीकडच्या थरांत तो कमी होत गेलेला दिसला. कायदे झाले, कारखान्यांनी पद्धती बदलल्या, त्याचा हा परिणाम असावा. गाळ हीच एक बखर आहे. जुने पान खाली व नवे पान वर, एवढाच काय तो फरक.

पारा गाळातून माशांत कसा जातो, हेही सांगितले पाहिजे. गाळातील सूक्ष्म जंतू त्याचे मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात. तो किड्यांत, किड्यांतून लहान माशांत, लहान माशांतून मोठ्या माशांत जातो आणि प्रत्येक पायरीस त्याचे प्रमाण वाढते. म्हणून स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यातला मोठा शिकारी मासाही निर्धास्तपणे खाण्यासारखा असेलच असे नाही. पाणी तपासून जे कळत नाही ते मासा तपासून कळते, ते या कारणाने.

'लेखी आधार काय ?'

आता एक स्वानुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी, पहिल्या पावसानंतर, आमच्या आत्याच्या सासरी खाडीकाठच्या गावी मेलेल्या माशांचा खच पडला. बोई, शिंगाळे, कोळंबी, सारे काठाला लागले होते. पाण्याला उग्र दर्प येत होता. आत्याच्या मुलांनी आम्हांस बोलावून घेतले. आम्ही मास्तर, तेव्हा अर्ज लिहिण्याचे काम आमच्याकडे आले. सुवाच्य अक्षरात दोन पानी अर्ज लिहून आम्ही पाच-सहा जण एका कार्यालयात गेलो. तेथील अधिकारी सभ्य गृहस्थ होते. त्यांनी अर्ज शांतपणे वाचला, बसावयास सांगितले आणि विचारले, "मास्तर, मासे मेले हे दिसते. पण नुकसान किती झाले ? पूर्वी या जागी कोणती मासळी, कोणत्या महिन्यात, किती मिळत होती, याचा काही लेखी आधार आहे का ?"

आत्याचा थोरला मुलगा म्हणाला, "साहेब, अख्खी खाडी भरलेली होती हो !"

साहेब म्हणाले, "ते मी मानतो. पण फाइलला ते कसे सांगू ?"

आम्ही निरुत्तर झालो. आयुष्यभर मुलांकडून पाढे पाठ करून घेतले, हजेरीपटावर एकही खाडा चुकू दिला नाही. पण ज्या मासळीवर आमचा पिंड पोसला तिची हजेरी आम्ही एकदाही घेतली नाही. परतताना बसमध्ये कोणीच कोणाशी बोलले नाही. आत्या तेव्हा अंथरुणाला खिळलेली होती. तिला सर्व सांगितले तेव्हा तिने एका दमात माशांची वीस-बावीस नावे मोजून दाखविली, कोणता कोठे व कधी मिळे तेही सांगितले. आम्ही ती उतरून घेतली. पुढच्या वर्षी ती निवर्तली. ती यादी आजही आमच्या पेटीत आहे. तिच्यातील निम्म्या माशांची तोंडे आमच्या नातवंडांनी पाहिलेली नाहीत.

मासे मोजणे म्हणजे काय ?

या प्रसंगानंतर आम्ही या विषयाची जी माहिती मिळविली ती थोडक्यात देतो. सांडपाण्याच्या मुखाजवळील मासे मोजण्याचे शास्त्र कठीण नाही, पण चिकाटीचे आहे. एकाच जागी, एकाच प्रकारच्या जाळ्याने, भरती-ओहोटीच्या एकाच वेळी व ठरावीक महिन्यांत मासे धरावयाचे. जाती वेगळ्या करून संख्या, लांबी व वजन लिहावयाचे. तसेच मोजमाप सांडपाण्यापासून दूरच्या, पण इतर बाबतींत सारख्या अशा दुसऱ्या जागीही करावयाचे, म्हणजे तुलना होते. आणि शक्य तर कारखाना सुरू होण्यापूर्वीची नोंद हवी, म्हणजे 'आधी' व 'नंतर' यांतील अंतर कळते. आपल्याकडे नेमका हा 'आधी'चाच कागद नाही.

प्रत्येक मासा निराळी साक्ष देतो. बोई गाळातील कुजकट खाऊन जगते, म्हणून गाळाचे गुणदोष तिच्यात उतरतात. निवटी चिखल सोडून फारशी दूर जात नाही, म्हणून ती त्या जागेचीच साक्षीदार. शिंगाळ्याचा नर अंडी तोंडात धरून पिले निघेपर्यंत उपाशी राहतो. अशा माशाला अंडी मोजकीच असतात, त्यामुळे त्याचा नाश लवकर होतो व भरून निघण्यास वेळ लागतो. जिताड्याची गोष्ट तर विलक्षणच. तो सामान्यतः नर म्हणून वाढतो आणि काही वर्षांनी, मोठा झाल्यावर, मादी होतो. म्हणून खाडीत केवळ लहान जिताडे उरले, तर संख्या पुष्कळ दिसूनही पुढची पिढी येणार नाही. यासाठीच संख्येइतकीच लांबीही लिहिणे आवश्यक असते. याउलट मरळ व निवटी हवेतूनही श्वास घेऊ शकतात आणि १९५२ साली भारतात आणलेला तिलापिया घाण पाण्यातही तग धरतो. तेव्हा 'मासे आहेत, म्हणजे पाणी ठीक आहे' हा युक्तिवाद फसवा आहे. कोणते मासे आहेत, हे पाहिले पाहिजे.

पाण्याचे मापही जाणून ठेवावे. आपल्या हवामानात स्वच्छ नदीच्या एक लिटर पाण्यात सुमारे ७ ते ८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो. मत्स्यजीवनासाठी तो किमान ४ मिलिग्रॅम असावा, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा दंडक आहे. घरगुती मैला व कारखान्यांतील सेंद्रिय घाण कुजताना हा प्राणवायू खाऊन टाकते. पहिल्या पावसात नाल्यांत साठलेली वर्षाची घाण एकदम खाडीत येते आणि मासे गुदमरतात. आत्याच्या गावी तसेच घडले, की कोणी रात्री काही सोडले, हे आजही आम्ही सांगू शकत नाही. नोंद नसली की रागालाही दिशा राहत नाही.

लंडनचे उदाहरण

हिशेब ठेवल्याने काय साधते, याचे एक उत्तम उदाहरण लंडनच्या टेम्स नदीचे आहे. १९५७ साली तेथील निसर्गेतिहास संग्रहालयाच्या तज्ज्ञांनी शहरातील टेम्स जैविकदृष्ट्या मृत असल्याचे म्हटले होते. भरतीच्या मोठ्या पट्ट्यात अहिरांखेरीज मासा असा उरला नव्हता. पुढे सांडपाण्याची केंद्रे सुधारण्यात आली. त्याच संग्रहालयातील अल्विन व्हीलर या मत्स्यतज्ज्ञाने एक साधी युक्ती योजिली. काठावरच्या वीजकेंद्रांत थंडाव्यासाठी नदीचे पाणी ओढले जाई व त्याच्या जाळ्यांवर मासे अडकत. १९६४ पासून ते मासे जमवून त्यांची नोंद होऊ लागली. वर्षागणिक नव्या जाती वाढत गेल्या. १९७४ च्या नोव्हेंबरात अशाच एका जाळीवर सामन मासा सापडला. त्या नदीत १८३३ नंतर तो आढळला नव्हता. आज टेम्सच्या भरतीच्या पट्ट्यात शंभराहून अधिक जातींची नोंद आहे. नदी मेली हेही नोंदीनेच सिद्ध झाले आणि ती जगली हेही नोंदीनेच.

आपल्याकडील प्रयत्न

आपल्याकडे काहीच झाले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. जलप्रदूषणास आळा घालण्याचा राज्याचा कायदा १९६९ साली झाला, १९७० साली महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले आणि १९७४ साली केंद्राचा कायदा आला. मंडळामार्फत नदीच्या पाण्याचे नमुने नियमाने तपासले जातात. ठाण्यातील बांदोडकर विज्ञान महाविद्यालयाच्या अभ्यासकांनी ठाणे व उल्हास खाडीतील पाणी, गाळातील जीव व मासे यांवर वर्षानुवर्षे काम केले आहे. आपल्याच जिल्ह्यातील मुलामुलींनी होडीत बसून, चिखलात उतरून केलेले हे काम अभिमानास्पद आहे.

नोव्हेंबर २०१४ च्या अखेरीस वालधुनीत रसायन ओतल्याने उठलेल्या विषारी वायूची बाधा उल्हासनगर परिसरातील शेकडो रहिवाशांना झाली, हे वाचकांस स्मरत असेल. 'वनशक्ती' या संस्थेने उल्हास व वालधुनीच्या प्रदूषणाविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली होती. न्यायाधिकरणाच्या पुणे पीठाने २ जुलै २०१५ रोजी सांडपाणी प्रक्रिया केंद्रे व स्थानिक स्वराज्य संस्था यांना मिळून सुमारे ९५ कोटी रुपये भरण्याचा आदेश दिला. हे प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. या आदेशात केवळ कारखाने नव्हे तर नगरपालिका-महापालिकाही दोषी धरल्या गेल्या, म्हणजे आपल्या घरातून निघणारे सांडपाणीही. २०१८ साली केंद्रीय मंडळाने देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली, तीत सर्वाधिक ५३ पट्टे महाराष्ट्रातील होते आणि उल्हासही त्यांत होती.

न्यायबुद्धीने आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. माशांच्या नाशास केवळ रसायने कारण नाहीत. खाडीतील बेसुमार रेतीउपसा, खाजणांवर पडलेला भराव, तोडलेली तिवरे, बारीक आसाची जाळी आणि वलगणीला अंड्यांनी भरलेले मासे ओरबाडून काढण्याची आपली स्वतःचीच सवय, हीसुद्धा कारणे आहेत. यांतील कोणत्या कारणाचा वाटा किती, हे पुन्हा नोंदीवाचून ठरत नाही.

आपले कर्तव्य

म्हणून आम्ही ज्ञातिबांधवांपुढे व भगिनींपुढे एक साधी सूचना ठेवतो. ज्या घरात अजून कोणी पाग टाकतो, चिंबोऱ्या धरतो किंवा बाजारात मासळीची पाटी घेऊन बसतो, त्या घरात एक शंभर पानी वही ठेवावी. तीत तारीख व तिथी, जागा, भरती की ओहोटी, जाळे कोणते व किती वेळ लावले, माशाचे आपल्या बोलीतील नाव, संख्या व सर्वांत मोठ्या माशाची लांबी लिहावी. अंगावर व्रण, कुजलेले पर किंवा रॉकेलसारखा वास असल्यास तेही लिहावे. काहीच मिळाले नाही तर 'काही नाही' असे अवश्य लिहावे, कारण रिकामे जाळे हीसुद्धा नोंदच आहे. मोबाइलवर छायाचित्र काढणे हल्ली मुलांना सहज साधते, तेव्हा मोजपट्टी शेजारी ठेवून छायाचित्र घ्यावे. मेलेले मासे दिसल्यास ते खाऊ नयेत, विकू नयेत, आणि त्याच दिवशी प्रदूषण नियंत्रण मंडळास कळवावे, कारण पाणी वाहून जाते व त्याबरोबर पुरावाही. सांडपाण्याच्या मुखाजवळील मोठे शिकारी मासे गरोदर स्त्रियांना व लहान मुलांना देऊ नयेत.

दुसरी सूचना अधिक तातडीची आहे. घरातील सत्तरी-ऐंशी ओलांडलेल्या माणसांजवळ बसावे आणि त्यांच्या तोंडून माशांची नावे, जागा व हंगाम उतरून घ्यावेत. आमच्या आत्याची यादी निदान हाती लागली. अशा किती याद्या न लिहिताच गेल्या ! आपल्या संस्थेने पुढील वर्षाच्या स्मरणिकेत चार पाने या याद्यांसाठी राखून ठेवावीत, अशी आमची संपादक मंडळास विनंती आहे. शास्त्रज्ञांना 'आधी'चा जो कागद हवा आहे, तो पूर्णपणे आता कोणीही देऊ शकणार नाही. परंतु म्हाताऱ्यांच्या आठवणीतून त्याचे काही तुकडे अजून जुळविता येतील. आणि आजची नोंद ही आपल्या नातवंडांसाठी 'आधी'चाच कागद ठरेल.

लांबलेले हे टिपण येथे पुरे करतो. आत्याच्या यादीतले पहिले नाव जिताड्याचे आहे. यंदा पौर्णिमेच्या उधाणाला तिच्या नातवाच्या जाळ्यात एक जिताडा आला. त्याची लांबी, वजन, तिथी व जागा त्याने वहीत लिहिली आणि खाली विचारले, "आजोबा, बरोबर लिहिले ना ?" आम्ही तपासून लाल शाईने सही केली.